खुराडं उघडताना: मुंबईत अंगणातल्या कोंबड्यांचे आजार कसे ओळखायचे, काय उपाय करायचे

कोंबडी आजारपण लपवते. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या चोची मारतात, आणि मांजर-मुंगसाची नजरही आधी तिच्यावरच जाते. म्हणून अंगात त्राण आहे तोवर ती इतरांबरोबर दाणे टिपत राहते, निदान टिपल्यासारखं करते. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात पेंगताना ती तुम्हाला दिसली, तर दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांपूर्वीच सुरू झालेलं असतं. हे दोन-तीन दिवस वाचवता आले तर निम्म्या कोंबड्या वाचतात. त्यामुळे औषधांच्या नावांआधी बघायला शिका, एवढीच नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आमचं घर गोराईत आहे. पलीकडे बोरिवली दिसते, पण आजारी कोंबडी घेऊन पशुवैद्य गाठायचा म्हणजे आधी लाँच, मग रिक्षा, मग ट्रेन. कोंबड्या मी सासूबाईंकडून शिकले. मुंबईत आजही गावठाणांत, कोळीवाड्यांत, आरेच्या पाड्यांवर आणि बैठ्या चाळींच्या मागच्या दारी कोंबड्या आहेत. आता हौसेने पाळणारेही वाढलेत. त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

पहिलं काम: निरोगी कोंबडी पाठ करा

सकाळी खुराडं उघडताना पाच मिनिटं आणि संध्याकाळी बंद करताना पाच मिनिटं, एवढा वेळ रोज द्या. हातात मोबाईल नको. सकाळी दार उघडल्यावर कोण आधी उडी मारतं, कोण शेवटी येतं, हे आठवडाभरात पाठ होतं. रोज पहिली येणारी एक दिवस तिसरी आली, तर त्या दिवशी तिच्यावर लक्ष ठेवायचं.

मग हे बघा. तुरा लालबुंद आणि ताठ आहे का? तलंगेचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा तुरा फिकाच असतो, त्याने घाबरू नका. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा फिका पडला तर मात्र उवा, जंत किंवा अंगातलं रक्त कमी झाल्याची शंका घ्या. जांभळट झाला तर श्वासाचं किंवा रक्ताभिसरणाचं काही गंभीर आहे. डोळा गोल आणि चमकदार हवा, नाकपुड्या कोरड्या हव्यात. चोच उघडी ठेवून श्वास घेणं फक्त भर उन्हात चालतं, सकाळी सहा वाजता नाही.

नंतर हात लावा. सासूबाई संध्याकाळी एकेक कोंबडी काखेत धरून तिच्या मानेखाली, छातीच्या जरा उजव्या अंगाला दोन बोटांनी चाचपायच्या. तिथे दाण्याची पिशवी असते. संध्याकाळी ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, दाण्यांनी भरलेली लागली पाहिजे, आणि सकाळी उघडताना रिकामी. हे एवढं एक जमलं तरी पोटाची बरीच दुखणी कळतात. त्याच हाताने छातीचं मधलं हाड बघा. दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं तर कोंबडी आतून झिजते आहे, वरून पिसं कितीही भरगच्च दिसोत.

शीट बघायला लाजू नका. तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी, ही चांगली शीट. दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी, चिकट आणि फार घाण वास येणारी शीट पडते. नवे लोक तिला हगवण समजून औषध द्यायला धावतात. ती नेहमीचीच आहे, आतड्याच्या वेगळ्या भागातून येते. मे महिन्यात कोंबड्या खूप पाणी पितात, तेव्हा शीट पातळ होणारच. काळजी करायची ती रक्ताची, पिवळ्या फेसाची किंवा पोपटी हिरवी पाण्यासारखी शीट सतत पडली तर.

आणि एक, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला आजारी समजू नका. ती खोपट्यात दिवसभर बसते, पिसं फुगवते, कमी खाते. पण हात घातला की गुरगुरते आणि चोच मारते. आजारी कोंबडी विरोधच करत नाही.

काही बिघडलंय असं वाटलं की लगेच

आधी तिला वेगळी करा. डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, नाहीतर फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, बाकीच्यांपासून लांब आणि वाऱ्याच्या झोतात नाही अशा जागी. खाली वर्तमानपत्र घाला, म्हणजे शीट नीट दिसते. पावसाळ्यात किंवा थंडीत बाजूला पिवळा बल्ब लावून ऊब द्या. मे महिन्यात बल्ब लावू नका, सावली द्या.

मग पाणी. आजारी कोंबडी खाणं सोडते, पण पाण्यावर जगते. ओआरएस किंवा गुळाचं पातळ पाणी ठेवा. स्वतः पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब लावा, ती चाटून घेते. घशात पाणी ओतू नका. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं, पाणी फुप्फुसात जाऊन तिथल्या तिथे जीव जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरं, बाकीच्या कोंबड्या एकेक करून हातात घ्या. एकीला झालंय की सगळ्यांना, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आजारी कोंबडीचं काम सगळ्यांच्या शेवटी करा, आणि नंतर हात व चपला साबणाने धुवा.

मानमोडी

हिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हिने आमचं खुराडं एकदा रिकामं केलं.

गणपतीच्या आधी बाजारातून दोन देखण्या तलंगा आणल्या. लस दिलेली आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं. मी त्याच संध्याकाळी त्यांना इतरांबरोबर खुराड्यात सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कवडी, आमची ठिपक्यांची कोंबडी, बाहेर आलीच नाही. आत बसून मान उलटी करून छताकडे बघत होती. सरळ केली की परत वळायची. खाली हिरवं पाणी सांडल्यासारखी शीट. दहा दिवसांत अकरातल्या नऊ गेल्या.

हाच राणीखेत रोग. १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेतला भारतात तो प्रथम नोंदला गेला, म्हणून हे नाव. हा विषाणूचा आजार आहे. घरघर, चोच उघडून श्वास, हिरवी हगवण, पाय-पंख लुळे पडणं, मान पिळणं, कधी काहीच न दिसता सकाळी मेलेली सापडणं, ही सगळी त्याचीच रूपं. एकदा लागला की औषध नाही. अँटिबायोटिक देऊन विषाणू मरत नाही. जी जगेल तिला ऊब, पाणी आणि मऊ खाणं द्यायचं, बस.

म्हणून लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुन्हा साधारण चार आठवड्यांनी, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून. ही शेवटची लस जास्त कडक असते, लहान पिल्लांना देऊ नये. पुढे किती महिन्यांनी परत द्यायची ते पशुवैद्य सांगतील. लस फक्त निरोगी कोंबडीला द्यायची.

घरगुती पाळणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि आपल्याकडे कोंबड्या पाच. कुपी फोडून द्रावण कालवलं की तास-दोन तासांत संपवायला लागतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. आमच्या आळीत आम्ही आता दिवस ठरवतो. एकजण थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणतो, आणि सकाळी सातला सगळ्या घरांची पिल्लं एका अंगणात टोपल्यांतून जमतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. लोकलच्या गर्दीत पिशवीत तापलेली लस आणि साधं पाणी, दोन्ही सारखंच.

पिण्याच्या पाण्यातून लस देणार असाल तर आपल्या महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे लक्षात ठेवा, क्लोरीनने लस मरते. थोड्या कोंबड्या असतील तर डोळ्यात थेंब घालणंच बरं.

आणि नवी कोंबडी कितीही गोजिरी असो, निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. वेगळं भांडं, वेगळी जागा, तिचं काम शेवटी. मी त्या दिवशी एवढंच केलं असतं तर नऊ जीव वाचले असते.

पावसाळ्यातली रक्ती हगवण

मुंबईत जून ते सप्टेंबर खुराड्यातली गादी, म्हणजे खाली पसरलेला तूस किंवा भुसा, वाळत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना या दिवसांत रक्ती हगवण लागते. आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे ती होते. शिटेतून पडलेली त्याची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात. पिल्लं घोळक्याने अंग चोरून उभी राहतात, पंख लोंबतात, शिटेत रक्त दिसतं.

याला औषध आहे आणि ते वेळेत दिलं तर गुण येतो. अ‍ॅम्प्रोलियमची पावडर पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. पाकिटावरच्या मापाने पिण्याच्या पाण्यात कालवून फक्त तेच पाणी ठेवायचं, रोज ताजं. आजारी पिल्लू खात नाही पण पितं, म्हणून पाण्यातूनच द्यायचं. हे औषध बी-वन जीवनसत्त्वासारखं भासून त्या परजीवीला उपाशी मारतं. त्यामुळे त्याच दिवसांत ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, औषधाचा परिणाम जातो. ते कोर्स संपल्यावर द्या.

गादी मात्र रोज बघायलाच हवी. भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, लाडू झाला तर आजच बदला. पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे सांडत नाही आणि त्यात शीट पडत नाही.

शिंका, घरघर, सुजलेला डोळा

सकाळी खुराड्यात वाकल्यावर तुमच्या नाकाला झोंबलं तर कोंबड्यांनी रात्रभर तोच वास फुप्फुसात घेतला आहे. तो ओल्या शिटेतला अमोनिया. बऱ्याच शिंका नुसती गादी बदलून आणि वरच्या बाजूला जाळीची खिडकी ठेवून थांबतात.

डोळ्याला फेस, एका बाजूने सुजलेला चेहरा, नाकातून घाण वासाचा शेंबूड, रात्री दांडीवर बसल्यावर घरघर, हे असेल तर तो जिवाणूंचा आजार असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. कोणतं, किती दिवस, हे पशुवैद्यच ठरवतील. घरातल्या माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं, त्यावर २०१९ मध्ये भारत सरकारने बंदी घातली, कारण माणसांवरच्या उपचारात तो शेवटचा आधार आहे. औषध चालू असताना आणि पाकिटावर सांगितलेले पुढचे दिवस अंडी खाऊ नका, कुणाला देऊही नका.

देवी

पाऊस ओसरला, डास वाढले की तुऱ्यावर आणि डोळ्यांच्या कडांना तपकिरी खपल्या धरतात. या कोंबड्यांच्या देवी. डास हा विषाणू पसरवतात. खपल्या उपटू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसून वर बीटाडिन लावा, डोळ्यात जाऊ देऊ नका. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. तोंडाच्या आत, घशात पांढरट-पिवळा थर दिसला तर मात्र लगेच पशुवैद्याकडे, कारण तो श्वास कोंडतो. याचीही लस आहे, पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. अंगणातल्या कुंड्या, टायर, करवंट्यांतलं पाणी ओतून टाका.

उवा, लाल किडे, जंत

शेपटीखालची आणि पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. कातडीवर पळणारे पिवळट किडे आणि पिसाच्या मुळाशी चिकटलेले पांढरे पुंजके म्हणजे उवा. कोंबडीवर काहीच दिसत नाही तरी ती फिकी पडली आहे, संध्याकाळी खुराड्यात जायला कां-कूं करते, तर रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या सांध्यांत बघा. दिवसा फटीत लपून रात्री रक्त पिणारे लाल किडे असतात. पांढरा कपडा फटीवरून फिरवा, रक्ताचे डाग उमटतील.

राख आणि कोरडी माती घमेल्यात ठेवा, कोंबड्या स्वतःच लोळतात. खुराडं रिकामं करून उकळतं पाणी टाका, वाळवा, मग चुना फिरवा. औषधाची पावडर पशुवैद्याला विचारून लावली तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण पहिल्या खेपेला किडे मरतात, अंडी नाहीत. कोंबडीच्या अंगाला रॉकेल चोळायची जुनी पद्धत कृपा करून सोडा, कातडी भाजते. पायाचे खवले वर उचलले गेले असतील तर कोमट पाण्याने धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे लावत राहा.

जंतांचं औषध मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना साधारण तीन महिन्यांनी लागतं. शिटेत शेवयांसारखे जंत दिसले तर पिपरॅझिन चालतं, पण ते फक्त गोल जंतांवर. चपट्या जंतांसाठी दुसरं औषध लागतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून कोंबडी पिशवीत घालून काट्यावर तोला.

पिशवी तुंबणं आणि अंडं अडकणं

सकाळी गळ्याखालची पिशवी दगडासारखी कडक लागली तर काहीतरी अडकलं आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा जाळ्याचा नायलॉनचा दोरा असतो, शहरात प्लास्टिक आणि लांब वाळलेलं गवत. खाणं बंद, पाणी चालू. चोचीच्या कडेने थेंब-थेंब खाण्याचं तेल, आणि दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं हलक्या हाताने पिशवी चोळा. उलटी धरून ओकवू नका. दुसऱ्या दिवशीही तशीच असेल, किंवा पिशवी फुग्यासारखी मऊ आणि तोंडाला आंबूस वास असेल, तर घरी वेळ घालवू नका.

शेपटी खाली, पंख सैल, उभं राहून कुंथते, सारखी खोपट्यात जाऊन येते पण अंडं नाही, तर अंडं अडकलं आहे. टबात पोट बुडेल एवढं कोमट पाणी घेऊन तिला वीस-तीस मिनिटं शांत बसवा, मागच्या जागेला खोबरेल लावा आणि अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. पोट दाबून अंडं फोडू नका, कवचाने आत जखम होते. त्याच दिवशी अंडं आलं नाही तर पशुवैद्याला दाखवा. पातळ कवचाची किंवा बिनकवचाची अंडी पडत असतील तर चुना कमी पडतो आहे. भाजून बारीक कुटलेल्या शिंपल्या वेगळ्या वाटीत ठेवा, कोळीवाड्यात त्या मागितल्या तर मिळतात. कोंबडी लागेल तेवढ्याच खाते.

मे महिना

कोंबडीला घाम येत नाही. दमट हवेत धापा टाकूनही तिची उष्णता निघत नाही, आणि दुपारी दोनला पत्र्याखाली ती मरू शकते. पत्र्यावर झावळ्या किंवा ओली गोणपाटं टाका, पाणी दिवसातून तीनदा बदला, खाणं पहाटे आणि संध्याकाळी द्या. एरवी पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात दुप्पट पिते. कोसळलीच तर पाय आणि पोट गार पाण्यात धरा, बर्फाच्या नाही.

अचानक बऱ्याच मेल्या तर

एकदम तीन-चार मेल्या, डोकं सुजलं, तुरा निळा पडला, किंवा आसपास कावळे मरून पडू लागले, तर हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला, त्याच महिन्यात मुंबईतले मेलेले कावळेही त्यात निघाले. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाला कळवणं आपलं कर्तव्य आहे. कोंबड्या विकू नका, कापू नका, नातेवाइकांकडे हलवू नका.

एरवी एखादी मेली आणि कारण कळलं नाही, तर शवविच्छेदन करून घ्या. उरलेल्या कोंबड्यांना काय द्यायचं हे त्यातूनच ठरतं. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत बांधून बर्फात गार ठेवून न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका. नेणं शक्य नसेल तर खोल खड्डा, चुना आणि माती. खाडीत टाकू नका.

बरी झाल्यावर

आठवडाभर वेगळी राहिलेली कोंबडी परत आली की बाकीच्यांना ती परकी वाटते आणि तिला रक्त येईपर्यंत टोचतात. दोन दिवस तिचं डालगं खुराड्याशेजारी ठेवा, एकमेकींना दिसू द्या. मग रात्री सगळ्या झोपल्यावर अंधारात तिला हळूच दांडीवर, आपल्या जुन्या जागी बसवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठा, दार स्वतः उघडा, आणि ती कितवी बाहेर येते ते बघा.